एकावर एक इल्युजन टाकली तर समोरच्याला नेमकं दिसतं काय?

चकवा

नमस्कार मंडळी. मागच्या फाशांच्या धाग्यावरून इथे डीएनडी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) खेळणारे बरेच दडून बसलेत हे कळलं, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा. खेळाची पाचवी आवृत्ती, २०१४ चं पुस्तक, सगळे नवव्या लेव्हलवर. पार्टीत चौघं: फायटर, क्लेरिक, बार्ड आणि एक हाफलिंग आर्केन ट्रिकस्टर (थोडी जादू येणारा बुटका चोर). हाफलिंगने बंदरावरच डिसगाइज सेल्फ हा स्पेल (मंत्र) टाकून म्हाताऱ्या कोळ्याचं रूप घेतलं. त्यानंतर बार्डने सीमिंग टाकून चौघांनाही राजवाड्याचे पहारेकरी करून टाकलं. दोन्ही स्पेलना कॉन्सन्ट्रेशन (एका वेळी एकाच स्पेलवर धरता येणारं लक्ष) लागत नाही, त्यामुळे पहिला आपोआप सुटला असंही म्हणता येत नाही.

राजवाड्याच्या दारात कप्तानाला संशय आला. त्याने एक अ‍ॅक्शन खर्चून हाफलिंगला न्याहाळलं. इन्व्हेस्टिगेशनचा (तपासाचा) आकडा आला १४. हाफलिंगचा डीसी (सोंग ओळखायला गाठायचा आकडा) १३ आणि बार्डचा १६!

आता कप्तानाला कोण दिसतंय? पहारेकरी, कोळी की हाफलिंग? सेशन तिथेच थांबवलंय, रविवारपर्यंत निकाल द्यायचाय. टेबलावर तीन मतं आहेत आणि त्यातली दोन एकाच माणसाची आहेत.

उपप्रश्न: मारामारी झालीच तर हाफलिंग मिरर इमेज (स्वतःच्या तीन खोट्या प्रतिमा) टाकणार आहे. प्रतिमा कोणाच्या दिसतील?

मठ्ठ ऑर्क

कप्तानाला रजेचा अर्ज दिसतोय.

विसाचा वीस

प्लेयर्स हँडबुकच्या दहाव्या प्रकरणाच्या शेवटी नियम आहे. वेगवेगळ्या स्पेलचे परिणाम, जोवर त्यांची मुदत एकत्र चालू आहे तोवर, एकमेकांत मिळवले जातात. एकच स्पेल दोनदा टाकला तर मात्र बेरीज होत नाही, त्यातला जास्त प्रभावी असेल तो लागू. तुमच्याकडे स्पेल वेगवेगळे आहेत, म्हणजे दोन्ही चालू. आता दोन चेहऱ्यांची बेरीज कशी करायची ते पुस्तक सांगत नाही.

शतपावली

यात काय अवघड आहे? सीमिंग पाचव्या लेव्हलचा, डिसगाइज सेल्फ पहिल्या. मोठा स्पेल जिंकला. चला, जेवायला.

विसाचा वीस

@शतपावली, 'जास्त प्रभावी तो लागू' हे एकाच स्पेलच्या दोन कास्टिंगबद्दल आहे. वेगळ्या स्पेलमध्ये लेव्हलची ज्येष्ठता कुठेही लिहिलेली नाही. पहिल्या लेव्हलचा स्पेल पाचव्याच्या उरावर बसू शकतो.

निशिगंध

बेरीजच करायची तर माझ्याकडे जास्त चांगला प्रश्न आहे. दोन्ही स्पेल म्हणतात की तुम्ही एक फूट उंच किंवा एक फूट बुटके दिसू शकता. हाफलिंग तीन फुटांचा. कोळी झाल्यावर चार फूट. त्यावर सीमिंगचा आणखी एक फूट. पाच फुटी पहारेकरी झाला की! कुणाला संशय येईल?

हेमांगी डीएम

@निशिगंध, नाही हो. दोन्हीकडे फूट मोजायचा तो खऱ्या देहापासून. आधीच्या सोंगावर पाय ठेवून उंच व्हायची सोय नाही. तेव्हा दारात चार फुटी पहारेकरी उभा आहे, आणि कप्तानाला संशय का आला याचं उत्तर मला तरी इथेच मिळालं.

मठ्ठ ऑर्क

भरतीच्या वेळी उंची शिथिल केली होती.

साडेतीन शहाणा

तुम्ही पाचव्या आवृत्तीवाले ज्या प्रश्नावर डोकं फोडताय त्याचं उत्तर २००३ च्या साडेतीन आवृत्तीत छापलेलं आहे. तिथे जादूचे परिणाम एकत्र कसे येतात याचा सविस्तर भाग होता. एकाच स्पेलने एकाच माणसावर वेगवेगळे परिणाम केले तर साधारणपणे शेवटचा स्पेल वरचढ. आधीचे रद्द होत नाहीत, फक्त शेवटचा चालू असेतोवर निरुपयोगी होऊन पडून राहतात. शेवटच्याची मुदत संपली की आधीचा परत वर. शिवाय एक स्पेल दुसऱ्या स्पेलला निरर्थक करू शकतो, तरी दोन्ही चालूच असतात, हेही स्पष्ट लिहिलेलं.

म्हणजे: वर पहारेकरी, खाली कोळी, त्याखाली हाफलिंग. कप्तान वरचं बघतोय. डीसी १६. १४ पुरत नाही. निकाल लागला.

अवांतर: इल्युजनिस्ट हा क्लास पहिल्यांदा १९७५ मध्ये 'द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू'मध्ये आला आणि १९७८ च्या एडी अँड डीच्या हँडबुकात तो मॅजिक-युजरचा स्वतंत्र पोटक्लास होता, स्वतःच्या स्पेलच्या यादीसकट. तेव्हा 'माझा विश्वास नाही' असं प्लेयरने तोंडाने म्हणायचं. मग प्रत्येक दगडावर, प्रत्येक दारावर अविश्वास जाहीर करणारे महाभाग निघाले. २००० साली तिसऱ्या आवृत्तीने इल्युजनचे पाच पोटप्रकार केले: फिगमेंट, ग्लॅमर, पॅटर्न, फँटॅझम, शॅडो. नसलेली वस्तू दाखवणं वेगळं, असलेल्या वस्तूचं रूप बदलणं वेगळं, एखाद्याच्या डोक्यात भास घालणं वेगळं. पाचव्या आवृत्तीने ही लेबलं काढून टाकली आणि तुमच्यासारख्यांना धागे काढायला लावले.

बुटका बंड्या

साडेतीन शहाणांना +१. शेवटचा वर. अगदी न्याय्य नियम आहे. डीएमने हाच निकाल द्यावा आणि पुढे जावं.

विसाचा वीस

साडेतीन शहाणा, माहितीपूर्ण प्रतिसाद, पण त्या आवृत्तीचा नियम या आवृत्तीला बांधील नाही. शिवाय तो 'एकच स्पेल' म्हणतोय, आणि इथे दोन आहेत.

साडेतीन शहाणा

बांधील नाही, मान्य. पण पुस्तक गप्प बसलंय म्हणून डीएमनेही गप्प बसायचं का? काहीतरी एक क्रम ठरवावा लागणार. शेवटचा वर हा सगळ्यात कमी भांडणाचा. आणि २०१४ च्या प्लेयर्स हँडबुकमध्ये नंतरच्या दुरुस्त्यांत हीच दिशा आहे: एकच स्पेल सारख्याच ताकदीने पुन्हा टाकला तर सगळ्यात अलीकडचा लागू.

गोगलगाय

धागाकर्त्याच्या उपप्रश्नाकडे कुणीच बघत नाहीये, म्हणून मी घेतो. चहा घेऊन बसा.

मिरर इमेजला 'तुमच्या' प्रतिमा म्हटलंय. त्या तुमच्यासारख्या हलतात, जागा बदलतात, आणि खरा कोण ते बघणाऱ्याला ओळखता येत नाही. हे शेवटचं वाक्य पाळायचं तर प्रतिमा त्या क्षणी बघणाऱ्याला जसे दिसता तशाच दिसायला हव्यात. तीन हाफलिंग आणि एक पहारेकरी असं चित्र उभं राहिलं तर स्पेल वाया. त्यामुळे चार पहारेकरी. रूप मध्येच बदललं तर चौघांचंही बदलणार.

आता खरी गंमत. मिरर इमेजला कॉन्सन्ट्रेशन नाही, ब्लरला (रूप धूसर करणारा स्पेल) आहे. एकच विझर्ड दोन्ही चालवू शकतो. दोघांची गाठ कशी पडते ते २०१४ आणि २०२४ च्या पुस्तकांत वेगवेगळं आहे.

२०१४ मध्ये कुणी तुमच्यावर हल्ला रोखला की आधी विसाचा फासा टाकायचा. तीन प्रतिमा असतील तर ६ किंवा जास्त, दोन असतील तर ८, एक उरली असेल तर ११. एवढा आला की हल्ला प्रतिमेकडे वळला. हल्ल्याचा रोल त्यानंतर, आणि तो प्रतिमेच्या एसीवर (हल्ला लागायला गाठायचा आकडा), म्हणजे १० अधिक तुमच्या डेक्स्टेरिटीचा मॉडिफायर. ब्लर म्हणतो, तुमच्यावरच्या हल्ल्याला डिसअ‍ॅडव्हान्टेज. म्हणजे दोन फासे टाकून कमी आला तो धरायचा. वळलेला हल्ला तुमच्यावर नाहीच. म्हणजे शब्दशः वाचलं तर प्रतिमांना ब्लरचं कवच नाही.

विझर्डची डेक्स्टेरिटी १४ (मॉडिफायर +२), अंगावर मेज आर्मर, एसी १५. प्रतिमेचा १२. समोर ऑगर, हल्ल्याला +६. विझर्डला तो ६० टक्के वेळा लागतो, ब्लर असेल तर ३६ टक्के. तिन्ही प्रतिमा शाबूत असताना दर फटक्याला विझर्डला लागण्याची शक्यता १५ टक्के, ब्लरसकट ९. पण प्रतिमा फुटण्याची शक्यता दोन्ही वेळा ५६ टक्के. दोन-तीन फटक्यांत कवच विरळ होणार.

२०२४ मध्ये क्रम उलटा केलाय. आधी हल्ला तुमच्यावर, तुमच्या एसीवर. लागला तर उरलेल्या प्रत्येक प्रतिमेमागे एक सहाचा फासा. एकावरही ३ किंवा जास्त आला तर फटका प्रतिमेने खाल्ला आणि ती गेली. आता ब्लर हल्ल्याच्या रोललाच लागतो. तोच ऑगर, तोच विझर्ड: प्रतिमा फुटण्याची शक्यता ब्लरशिवाय ५८ टक्के, ब्लरसकट ३५. विझर्डला लागण्याची सव्वादोन टक्क्यांवरून सव्वा टक्क्याच्या आसपास.

म्हणजे जुन्या पुस्तकात ब्लर फक्त तुम्हाला जपतो, नव्यात प्रतिमांनाही.

मठ्ठ ऑर्क

ऑगरचं काय चुकलं पण?

प्राजक्ता

@गोगलगाय, वाखुसा (वाचनखूण साठवली)! आमच्या टेबलावर डीएम २०१४ मध्येही प्रतिमांना ब्लर लावतो. म्हणतो, प्रतिमा जर हुबेहूब तुमच्यासारख्या दिसतात तर तुमचं धूसर असणंही त्यांनी घेतलं पाहिजे. डोळ्यांचा मामला आहे, त्यामुळे मला पटतं.

गोगलगाय

पटण्यासारखंच आहे. त्या निवाड्याने फुटण्याची शक्यता ५६ वरून ४२ वर येते. फार काही बिघडत नाही. बिघडतं ते लोक ब्लर आणि ग्रेटर इन्व्हिजिबिलिटी (अदृश्य करणारा स्पेल) एकत्र मागतात तेव्हा. दोन्हींना कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे दोन जादूगार हवेत. आणि एवढं करून हातात काय? बचावात दोन्हींचा फायदा तोच, समोरच्याला डिसअ‍ॅडव्हान्टेज. दोन डिसअ‍ॅडव्हान्टेज मिळून एकच होतो. चौथ्या लेव्हलचा स्लॉट (स्पेल टाकायची मोजकी संधी) खर्चून आधीच असलेलं परत विकत घेतलं.

साडेतीन शहाणा

साडेतीनमध्येही हेच. ब्लरने २० टक्के चुकण्याची शक्यता, अदृश्य असाल तर ५०. दोन्हींची बेरीज होऊन ७० होत नव्हती. मोठा आकडा घ्यायचा आणि गप्प खेळायचं.

सौ. उत्सुक

मी धाग्याचं नाव वाचून आले. मला वाटलं जादूचे प्रयोग वगैरे काही आहे. हे काय चाललंय कुणी सांगेल का? ऑगर कोण?

प्राजक्ता

ताई, हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ आहे. एक जण (डीएम) गोष्ट आणि जग चालवतो, बाकीचे त्यातली एकेक पात्रं. जमेल का नाही हे फाशांवर ठरतं. पहिला संच १९७४ साली अमेरिकेत निघाला. ऑगर म्हणजे मठ्ठ, धिप्पाड राक्षस. इथे चर्चा अशी की एका बुटक्या चोराने दोन खोटी रूपं एकावर एक घातलीत, आणि पहारेकऱ्याला त्यातलं कुठलं दिसतं.

सौ. उत्सुक

अच्छा! मग मयसभाच की. दुर्योधनाने जमिनीला पाणी समजून वस्त्रं सावरली आणि पुढे पाण्याला जमीन समजून धपकन आत पडला.

हेमांगी डीएम

ताई, तुम्ही खेळत नाही म्हणता आणि धाग्यातला सगळ्यात कामाचा दाखला दिलात. दुर्योधनाला पहिली नजरबंदी कळली. त्या कळण्यानेच दुसरीत घात झाला. माझ्या टेबलावर मी नेमकं हेच करते. खड्ड्यावर सायलेंट इमेजने (आवाज नसलेली खोटी प्रतिमा) फरशी दाखवायची नाही. धड फरशीवर खड्डा दाखवायचा, आणि खऱ्या खड्ड्यावर, मुद्दाम चार ठिकाणी दोष राहिलेली, 'खोट्या खड्ड्यासारखी' दिसणारी प्रतिमा. प्लेयर पहिल्या ठिकाणी दगड टाकून बघतात, दगड फरशीवर टण्‌कन वाजतो, सगळे हसतात. दुसऱ्या ठिकाणी फायटर ऐटीत पाऊल टाकतो.

यातून एक गोष्ट नीट कळते. थर चढवल्याने डीसी वाढत नाही. दोन इल्युजन म्हणजे एक मोठं इल्युजन नव्हे. प्रत्येकाचा डीसी आपापला, प्रत्येकासाठी समोरच्याची एक अ‍ॅक्शन वेगळी. लढाईत अ‍ॅक्शन हीच खरी रोकड. सायलेंट इमेजने भिंत उभी केली, तिच्यामागे मायनर इल्युजनचं खोकं, खोक्यात तुम्ही. शत्रूने एक अ‍ॅक्शन भिंतीवर घालवली, आरपार दिसलं, तर समोर खोकं. त्या खोक्याचाही संशय घ्यायचा तर दुसरी अ‍ॅक्शन. तोवर दोन राउंड गेले. आणि हे एकटा विझर्ड करू शकतो, कारण कॉन्सन्ट्रेशन फक्त सायलेंट इमेजला आहे, मायनर इल्युजनला नाही.

विसाचा वीस

बाण मारला तर? बाण भिंतीतून आरपार गेला की अ‍ॅक्शनशिवायच कळतं.

हेमांगी डीएम

भिंत कळते. स्पर्शाने किंवा वस्तू आरपार गेल्याने खोटेपणा उघडा पडतो. तोच बाण पुढे खोक्यातूनही गेला आणि बघणाऱ्याने तो जाताना बघितला तर खोकंही गेलं. पण भिंतीवर मारलेला बाण खोक्याला लागलाच पाहिजे असं थोडंच आहे? आणि पाचव्या आवृत्तीत शेजाऱ्याला ओरडून 'खोटं आहे रे' सांगितलं तरी त्याचं पुस्तकात काही मोल नाही. त्याने स्वतः तपासायचं.

साडेतीन शहाणा

आमच्याकडे ओरडल्यावर शेजाऱ्याला नवीन सेव्ह (बचावाचा रोल) मिळायचा, वर +४. सांगण्याला किंमत होती.

मठ्ठ ऑर्क

आजोबा, तुमच्याकडे बसचं तिकीटही चार आण्याला मिळायचं.

खारे शेंगदाणे

आमच्याकडचा किस्सा. दोन विझर्ड, दोघांकडे सायलेंट इमेज. एकाची जागा १५ फुटी घन. दोघांनी ठरवलं, एकाने ड्रॅगनचा पुढचा भाग करायचा, दुसऱ्याने मागचा, म्हणजे तीस फुटी ड्रॅगन. डीएमने 'एकच स्पेल दोनदा टाकला तर मिळत नाही' काढलं. आम्ही म्हटलं, जागा एकमेकींवर येतच नाहीत, शेजारी शेजारी आहेत. तासभर वाद. शेवटी त्याने परवानगी दिली.

पुढे काय झालं असेल? प्रतिमा हलवायला प्रत्येकाला आपल्या पाळीत अ‍ॅक्शन लागते. एकाचा इनिशिएटिव्ह (पाळीचा क्रम ठरवणारा आकडा) १८, दुसऱ्याचा ७. अठरावर ड्रॅगनचं डोकं, पंख, पुढचे पाय चाल करून गेले. ढुंगण मात्र तिथेच. मध्ये गॉब्लिनांची पाळी. त्यांनी त्या मोकळ्या जागेतून बघितलं, आणि डीएम म्हणाला, यांना इन्व्हेस्टिगेशनची गरज नाही.

निशिगंध

हहपुवा! ढुंगण सातवर पोचलं का?

खारे शेंगदाणे

पोचलं. तोवर विझर्ड पोचले नव्हते.

कोकणचा कोबोल्ड

सायलेंट इमेजचा सगळ्यात मोठा दोष आवाज नसणं. त्याला तोड म्हणजे सायलेन्स! तोही इल्युजन स्कूलचाच स्पेल आहे, लोक विसरतात. वीस फूट त्रिज्येच्या गोलात आवाज निर्माणही होत नाही आणि आतही येत नाही. त्या गोलात मुका ड्रॅगन दाखवा. गोलात सगळंच मुकं आहे, मग ड्रॅगनच्या मुकेपणावर संशय कोण घेणार? दोन्हींना कॉन्सन्ट्रेशन लागतं, म्हणून दोघं हवेत, आणि सायलेंट इमेज टाकणाऱ्याने गोलाबाहेर उभं राहायचं कारण मंत्र तोंडाने म्हणावा लागतो.

याची उलटी बाजू: तिसऱ्या लेव्हलची मेजर इमेज गोलात नेली की तिची डरकाळी गेली. चित्र, वास, ऊब राहते. इल्युजनने इल्युजनचा गळा धरला. आणि मायनर इल्युजनला तोंडाने काही म्हणावं लागत नाही, ते गोलातही टाकता येतं. चित्र मात्र, आवाज नाही.

प्राजक्ता

हे चोरणार. धन्यवाद!

शतपावली

जेवून आलो. अजून चालूच? कप्तानाकडे जादूगार असेल तर डिटेक्ट मॅजिक टाकेल, इल्युजनचं वलय दिसेल, खेळ खलास. निस्टुल्स मॅजिक ऑरा टाकून वलय लपवायला हवं होतं.

विसाचा वीस

निस्टुल्स वस्तूंचं वलय लपवतो. जादूची वस्तू साधी दाखवता येते, साधी जादूची, किंवा स्कूल बदलून. माणसावर टाकला तर तो प्राणी कुठल्या प्रकारचा आहे ते ओळखणाऱ्या स्पेलना फसवतो. अंगावरच्या सीमिंगचं वलय त्याने झाकत नाही. डिटेक्ट मॅजिकला इल्युजन स्कूल दिसणारच, फक्त खालचा चेहरा नाही.

जादूगार असेलच तर धोका डिस्पेल मॅजिकचा. तो माणसावर टाकला की त्याच्यावरचे तिसऱ्या लेव्हलपर्यंतचे सगळे स्पेल एका फटक्यात संपतात. वरच्यांसाठी प्रत्येकी वेगळा रोल, डीसी १० अधिक स्पेलची लेव्हल. तिसऱ्या लेव्हलच्या स्लॉटने टाकला तर डिसगाइज सेल्फ खात्रीने गेला आणि सीमिंगला १५ चा रोल. रोल चुकला तर काय होईल बघा: आतला कोळी गेला, बाहेरचा पहारेकरी जसाच्या तसा.

गोगलगाय

म्हणजे शर्ट अंगात ठेवून बनियन काढला.

मठ्ठ ऑर्क

हे मी लोकलमध्ये बघितलंय.

व्यवस्थापक

लोकलचे किस्से दुसऱ्या धाग्यावर. द्रौपदी हसली होती का यावरचे दोन प्रतिसाद उडवले आहेत, त्यासाठीही दुसरा धागा आहे आणि तो बंद आहे.

हेमांगी डीएम

मूळ प्रश्नाकडे येऊ. चकवा, तुम्ही विचारलंत, कप्तानाला कोण दिसतंय. सगळे कुठला थर वर आहे यावर भांडतायत, पण रोल जमला तर काय होतं ते कुणी वाचलंच नाही. सायलेंट इमेजमध्ये लिहिलंय, खोटेपणा कळला की आरपार दिसतं. मायनर इल्युजनमध्ये, प्रतिमा फिकट होते. सीमिंगमध्ये तसं काही नाही. तिथे यशस्वी झालेल्याला एवढंच कळतं की समोरचा वेष बदलून आला आहे. डिसगाइज सेल्फमध्येही तेच, सोंग आहे हे ओळखणं. खालचा चेहरा दिसतो असं दोन्हीकडे नाही.

तेव्हा रोल जमला असता तरी कप्तानाला हाफलिंग दिसला नसता. समोर पहारेकरीच, पण 'हा आपला माणूस नाही' ही खात्री. खालचं रूप बघायला ट्रू सीइंग लागेल, आणि ते सगळे थर एकदम उतरवेल. सी इन्व्हिजिबिलिटीचा इथे काही उपयोग नाही.

चकवा

हे मोलाचं. मी सीमिंगचं शेवटचं वाक्य 'आरपार दिसतं' असंच धरून चाललो होतो, टेबलावरही सगळे. म्हणजे शेवटचा थर वर, डीसी १६, कप्तान १४ वर अडला, त्याला चार फुटी पहारेकरी दिसतोय आणि फक्त उंची खटकतेय. असा निकाल देतो. सगळ्यांचे आभार.

नोंदवही

थांबा. डिसगाइज सेल्फची मुदत एक तास. सीमिंगची आठ. बंदर ते राजवाडा किती वेळ गेला? मध्ये शॉर्ट रेस्ट घेतली होती का? शॉर्ट रेस्ट कमीत कमी एक तासाची. घेतली असेल तर कोळी केव्हाच विरघळला आणि तुमचे दोन थर उरलेच नाहीत.

चकवा

घेतली होती. विहिरीपाशी, सीमिंगनंतर. हात्तिच्या! मग कोळी नव्हताच.

बुटका बंड्या

होता! मी तोच हाफलिंग. रेस्ट संपल्यावर मी परत टाकला. तोच म्हातारा कोळी, म्हणजे बार्डने सीमिंग काढलं की मला बाहेर पडायला खाली रूप तयार. मी बोललो होतो, तू तेव्हा बिर्याणीचा डबा उघडत होतास. शीटवर बघ, पहिल्या लेव्हलचे चारातले दोन स्लॉट खोडलेत.

चकवा

बंड्या म्हणजे तू?? बरं. परत टाकलास. सीमिंगनंतर?

बुटका बंड्या

हो, सांगतोय ना. स्लॉट खर्चलाय, फुकटात नाही.

विसाचा वीस

आणि शेवटचा वर.

साडेतीन शहाणा

शेवटचा वर. आधीचा निरुपयोगी होऊन खाली.

बुटका बंड्या

एक मिनिट.

हेमांगी डीएम

म्हणजे राजवाड्याच्या दारात तीन पहारेकरी आणि त्यांच्या रांगेत एक म्हातारा कोळी उभा होता. कप्तानाला संशय यायला रोल कशाला हवा?

निशिगंध

चार फुटी कोळी.

गोगलगाय

आणि डीसी १३. कप्तान १४. तोही जमला.

बुटका बंड्या

शतपावलींचा 'मोठा स्पेल जिंकला' हा मुद्दा मला आता जास्त तर्कशुद्ध वाटू लागलाय. त्यावर नीट चर्चा झालीच नाही.

शतपावली

मी झोपायला चाललो.

चकवा

'अगदी न्याय्य नियम आहे, डीएमने हाच निकाल द्यावा.' तुझाच प्रतिसाद, वर आहे. रविवारी सहाला सुरू करू. मिरर इमेजला स्लॉट राहिलाय का तेवढा बघून ये.